नाकारलेली बरोबरी

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. एक परदेशी ग्रँडमास्टर नागपुरात एकाच वेळी अनेकांशी बुद्धिबळ खेळणार होता, म्हणून मी मेडशीहून एसटीनं गेलो. आमच्या तालुक्यात मला कुणी हरवत नसे. डाव रंगला आणि त्यानं स्वतःहून बरोबरी देऊ केली.

शेजारचा खेळाडू कुजबुजला, "घेऊन टाक ना. काहून थांबला?"

"मी जिंकाले आलो," म्हणत मी नकार दिला.

मी हरलो. सगळे डाव संपल्यावर ग्रँडमास्टर माझ्यापाशी येऊन बसला. हत्तीला हत्ती दिला तिथंच मी चुकलो, हे त्यानं मोहरे मांडून दाखवलं. गावी तो डाव मी वर्षभर एकट्यानं मांडत राहिलो. पुढं अकोल्यात दुसऱ्या ग्रँडमास्टरनंही बरोबरी देऊ केली. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि जिंकलो.