साडूंची वटवाघळं

माझ्या मोठ्या साडूंइतक्या निर्मळ मनाने खोटं बोलणारा माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा नसेल. ते प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वटवाघळांवर त्यांचा अधिकार एवढा, की लांबलांबचे अभ्यासक त्यांना विचारायला येत. आणि माया एवढी, की लग्नाच्या पंगतीतही ते शेजाऱ्याला वटवाघूळ पिलाला कसं पाजतं ते समजावत. शेजाऱ्याचा श्रीखंडाचा घास हातातच राही. वटवाघळांनी थुंकलेल्या बिया ते रुमालात बांधून घरी आणत. एकदा माझ्या मेहुणीने त्या वेलदोडे समजून चहात घातल्या. साडू हळहळले, पण बियांसाठी. चहा प्यायलेल्या व्याह्यांची त्यांनी चौकशीही केली नाही.

आमच्या कारखान्याच्या वसाहतीत अर्जुनाची जुनी झाडं आहेत आणि त्यांवर शेकडो वटवाघळं लटकलेली असतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण पडते म्हणून क्वार्टरवाल्यांनी तक्रार केली, आणि वसाहतीच्या साहेबांनी झाडं तोडायचं मनावर घेतलं. साडू त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले, वनविभागाला विचारा. वनविभागात गेले, तर तिथले अधिकारी म्हणाले, जमीन कारखान्याची आहे. मग साडूंनी दोघांनाही एकाच संध्याकाळी कोथिंबिरीची सांबारवडी खायला घरी बोलावलं. साहेबांना सांगितलं, वनाधिकाऱ्यांना तुमचं मार्गदर्शन हवंय. वनाधिकाऱ्यांना सांगितलं, साहेब तुमच्या सल्ल्यासाठी अडून बसलेत. हे उघडं पडेल, या भीतीने मला घाम फुटला.

"काहून घाबरून राहिले तुम्ही?" साडू म्हणाले. "मोठ्या माणसाजवळ कोणी काही मागितलं ना, की तो दिल्याशिवाय उठत नाही."

आणि तसंच झालं. दोघंही उपकार करायच्या तयारीनेच आले. वड्या संपेपर्यंत साहेबांनी झाडं राखायचं आणि कपडे वाळवायला पत्र्याचं छत घालून द्यायचं कबूल केलं. वनाधिकाऱ्यांनी राखणदार आणि नवी रोपं देऊ केली. वटवाघळांच्या मोजणीचं काम साडूंनी आपल्या जुन्या कॉलेजला देऊन टाकलं. कॉलेजला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ते धापा टाकत माझ्या शहरातल्या घरी आले. एवढ्या उन्हात वटवाघळं तडफडून मरतात, म्हणून मी लगेच स्कूटर काढली. मागे बसून ते वाटभर, कोणाला काय थाप मारायची याची जुळवाजुळव करत होते. अग्निशमनवाल्यांना सांगायचं, साहेबांचा हुकूम आहे. साहेबांना सांगायचं, भोपाळहून कोणी बडे अधिकारी येताहेत.

वसाहतीत पोचलो, तर कारखान्याचा बंब आधीच अर्जुनांवर पाण्याचा फवारा सोडत होता. वनरक्षक हातमोजे घालून खाली पडलेली वटवाघळं ओल्या गोणपाटावर ठेवत होते आणि साडूंचीच एक विद्यार्थिनी, आता कॉलेजातली प्राध्यापिका, त्यांना ड्रॉपरने पाणी पाजत होती. सकाळीच साहेब, वनाधिकारी आणि ती, अशा तिघांनी आपसांत बोलून सगळं ठरवलं होतं. साडूंना पाहताच तिने खुर्ची मागवली. "सर, आप बैठिए. हम लोग हैं ना."

साडू बसले.

"मला कोणी फोनही नाही केला," ते हळूच म्हणाले.

फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने त्यांच्या अंगावर येत होते. मी खुर्ची मागे ओढायला वाकलो. त्यांनी हातानेच राहू द्या म्हटलं आणि मान वर करून झाडांकडे बघत भिजत बसले.