फोटोतल्या मुलीचं नाव

मित्रांनो, कालच नेपाळहून सांडोरला घरी आले. महिनाभर तिथल्या एका शाळेत मुलांना शिकवायला स्वयंसेवक म्हणून गेले होते. सुट्टीच्या दिवशी आसपासचे डोंगर, तळी पालथी घातली.

आज आईला कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. प्रत्येक डोंगराचं नाव धडाधड सांगितलं.

मग माझा हात धरलेली एक मुलगी दिसली. रोज सकाळी ती शाळेच्या फाटकापाशी माझी वाट बघायची.

"हिचं नाव काय गं?" आईने विचारलं.

मला आठवेचना. "माया," मी ठोकून दिलं.

"गोड आहे पोर. आज रोझरीच्या प्रार्थनेत तिच्यासाठी मागते."

आत्ता आतल्या खोलीत आई मायासाठी प्रार्थना करतेय. उठून तिला खरं सांगायचा धीर होत नाहीये. तुम्ही सांगितलं असतंत?