पाणी नितळ येईपर्यंत

सांडशी, ओलं फडकं आणि पन्नास पैशांचं नाणं एवढ्या तीन वस्तूंवर अख्खं जग दुरुस्त करता येतं, असं छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ साऱ्या नाशकात एकच होते, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दिवसभर फायलींत बुडालेले असायचे आणि संध्याकाळी सायकल हाणत गंगापूर रोडला आमच्या घरी यायचे. पायातल्या चपला काढायच्या आधी प्रश्न ठरलेला, "काय बिघडलंय?" काही नाही म्हटलं की चेहरा असा उतरायचा की आमच्या हिलाच पाझर फुटायचा. "भाऊजी, तेवढी ती इस्त्री बघता का? जरा कमी तापते." मग इस्त्री उघडली जायची, तिच्यापाठोपाठ प्लग, त्यापाठोपाठ भिंतीवरचा बोर्ड, आणि आम्ही सगळे मेणबत्तीच्या उजेडात पिठलंभात जेवायचो. साडूभाऊ मात्र तृप्त असायचे. "दोष सापडला," म्हणायचे. दोष सापडणं आणि वस्तू चालू होणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी खाती होती.

ऐंशीच्या सुमारास मी एक सेकंडहँड फियाट घेतली आणि त्यांच्या आयुष्याला अर्थ आला. गाडी माझी हे फक्त कागदोपत्री. माझं यंत्रज्ञान म्हणाल तर बॉनेट उघडायचं, आत बघायचं, गंभीरपणे "हं" म्हणायचं आणि बॉनेट लावून टाकायचं. चार लोक बघत असले तर "हं" दोनदा. साडूभाऊंनी मात्र पहिल्याच दिवशी बॉनेटवर तळहात टेकवला, लेकराचा ताप बघावा तसा, आणि मला बजावलं, "हिला मेकॅनिकच्या दारात न्यायचं नाही. परका माणूस तो. त्याला हिच्या तब्येतीचं काय पडलंय?" मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्यांची एकुलती एक मुलगी नलू. तिचा साखरपुडा मालेगावला ठरला आणि आम्ही माझ्याच गाडीतून निघालो. चांदवडच्या चढावर गाडी उकळली. साडूभाऊ ओरडले, "रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका!" तोवर माझा हात झाकणावर होता. पुढचं काही विचारू नका. वाफेचा लोट, माझी बोंब, आणि पुढचे आठ दिवस हाताला मलम. आम्ही मालेगावात उतरलो ते कांद्याच्या ट्रकमधून. मुलाचे काका संध्याकाळभर ज्याला त्याला सांगत होते, "नाशिकची मंडळी कांद्याबरोबर आली!" नलू हसली खरी, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं आम्ही दोघांनी पाहिलं. लग्नही मुलाकडेच, मालेगावला होतं. त्याच काकांचा निरोप आला, "तुमच्या गाडीचा भरवसा नको, आम्हीच गाडी पाठवतो." साडूभाऊंनी पोस्टकार्डावर एका ओळीत उत्तर धाडलं, "आमची मुलगी आमच्याच गाडीतून येईल." आता त्या पोस्टकार्डाची लाज राखणं माझ्या फियाटच्या हाती होतं, आणि फियाटची तब्येत मी बिघडवून ठेवली होती.

झालं होतं असं, की त्या फजितीनंतर कुणीतरी मला कूलंटचा डबा आणून दिला. इंजिन गार ठेवणारं छान हिरवंगार पाणी. आधीचं गंजकं पाणी काढून टाकायचं असतं हे मला कोण सांगणार? मी त्यातच डबा ओतला. औषध आहे, पोटात गेल्याशी कारण! चार महिन्यांत रेडिएटरमध्ये अडुळशाचा काढा तयार झाला. साडूभाऊंनी झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून लागतं.

निघायच्या दोन दिवस आधी, रविवारी, भल्या सकाळी ते हजर; निघायचं आमच्याच घरून म्हणून नलू, तिची आई आणि लग्नात द्यायची भांडीही बरोबर. इंजिन रात्रभर उभं राहून गार झालेलं. तरी झाकणावर ओलं फडकं टाकून ते उघडलं, मला दाखवून दाखवून. रेडिएटरच्या तळाची तोटी गंजून घट्ट बसली होती. सांडशीनं पकडून पाहिली, हलेना. मग खालच्या रबरी नळीची पट्टी सोडवायची ठरली. तिच्या स्क्रूच्या खाचेत पन्नास पैसे असे चपखल बसले की साडूभाऊंनी विजयी मुद्रेनं आजूबाजूला पाहिलं. प्रेक्षक मी एकटाच होतो, तोही गाडीखाली उताणा. आता पाणी कशात धरायचं? बादली गाडीखाली जाईना, घमेलं अडकलं. साडूभाऊ आत गेले आणि एक रुंद, बसकी, कोरी परात घेऊन आले. नलूला द्यायच्या भांड्यांतली होती ती, तिचं नाव घातलेली. आम्हा दोन शहाण्यांपैकी एकानंही ते नाव वाचलं नाही. "धरा," ते म्हणाले आणि नळी ओढली. निम्मं परातीत पडलं, निम्मं माझ्या छातीवर. वरून आवाज आला, "तोंड मिटा! विषारी असतं ते!" आयुष्यात इतक्या तत्परतेनं मी कधी गप्प बसलो नसेन.

परात बघून नलूच्या आईनं कपाळावर हात मारला. "अहो, लेकीची परात ती!" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "तिच्यासाठीच चाललंय ना?" दुसरी परात आणावी लागली. त्यात भर म्हणजे ते पाणी गटारात ओतायला साडूभाऊंची साफ मनाई. "गटार नाल्याला मिळतं, नाला गंगा-गोदावरीला. लोक तिथं आंघोळी करतात." मग ते डब्यांत भरलं, मांजरानं चाटू नये म्हणून झाकणं ठोकून बसवली, आणि प्रत्येकावर कचेरीच्या वळणदार अक्षरात 'विष', खाली तारीख आणि सही. ते डबे कितीतरी दिवस आमच्या न्हाणीघरात होते. मी त्यांच्याकडे पाठ करून आंघोळ करत असे.

मग सुरू झालं धुणं. साधं पाणी भरायचं, इंजिन चालवायचं, ते गार व्हायची वाट बघत बसायचं, पुन्हा सोडायचं. पहिल्यांदा आलं ते चहासारखं, मग पांचट चहासारखं, आणि चौथ्या खेपेला पेल्यात धरलं तर पेल्याचा तळ दिसत होता. मी म्हणालो, "झालं, साडूभाऊ." ते म्हणाले, "अजून जरा गढूळ वाटतंय." पाचवी खेप झाली. नलू चहा घेऊन आली आणि पायरीवर बसली. "बाबा, पुरे की आता. प्यायच्या पाण्यापेक्षा चांगलं झालंय." "तू उन्हात बसू नकोस," एवढंच म्हणून त्यांनी सहाव्यांदा पाणी भरलं. ती उठली नाही. मीही वैतागून बोलून गेलो, "अशानं गंगापूर धरण रिकामं व्हायचं!" चांगली दुपार कलली तेव्हा कुठे नवीन कूलंट आत गेलं. मला वाटलं, विक्षिप्त माणूस, दुसरं काय!

निघालो. मी चालवत होतो, साडूभाऊ शेजारी, मागे दोघी बहिणी आणि मध्ये नलू. चांदवडचा चढ आला. मी तापमानाच्या काट्याकडे बघत होतो, तेही बघत होते. काटा मध्यावर होता आणि तिथून हलायचं नाव घेत नव्हता. गाडी चढ चढून गेली. मला तर ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "जरा थांबवा."

ते उतरले, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड उभे राहिले. मी पाण्याचा डबा घेऊन धावलो. "घालू का?" त्यांनी मान हलवली. डोळे भरून आलेले. "काही नको. उत्तम चाललीय," ते हळूच म्हणाले. "एरवी छळते हो आपल्याला. आज जरा तापायला काय झालं होतं हिला?"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "गाडी तापलीय! अर्धा तास तरी लागेल."

"तरी मी म्हणत होते!" आमची ही कडाडली. पुढे मालेगावात काकांनीही "पुन्हा तापली ना?" म्हणून सगळ्या मांडवात हशा पिकवला. साडूभाऊ काही बोलणार तोच मी म्हणालो, "तापली हो. चालवणारा मी आहे ना!" पोस्टकार्डाची लाज गेली ती गेलीच, माझ्या नावावर गेली.

पण लेकीबरोबरचा तो अर्धा तास त्यांना मिळाला. रस्त्याकडेच्या लिंबाखाली नलू बापाशेजारी जाऊन बसली. काय बोलत होती दोघं, मला ऐकू आलं नाही. मी धडधाकट गाडीचं बॉनेट उघडं टाकून आत बघत उभा होतो. हिनं दोनदा हाक मारून विचारलं, "झाली का हो गार?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "अजून नाही."