दीड दिवसाचा डाग

करमणुकीच्या पार्कात त्यांना सगळे डागवाले म्हणत. राइड नवी कोरी बांधून झाली की ती जुनी दिसेल असं करणं हे त्यांचं काम. सुताराने चौकट बसवली की हे तिला वाळवी लावत, गवंड्याची भिंत वाळते न वाळते तोच तिला ओल आणत. "आम्ही घाम गाळायचा आणि ह्यांनी त्यावर घाण करायची!" सुतार म्हणायचा. एकदा त्यांनी रंगवलेला गंज खरा समजून तपासणीच्या माणसाने राइडच बंद करायला लावली होती. ही गोष्ट डागवाले स्वतःहून सांगत नसत, पण दुसरं कुणी सांगू लागलं तर थांबवतही नसत.

नव्या राइडमध्ये एक उजाड घर होतं. गाडीत बसण्याआधी रांग त्या घराच्या स्वयंपाकघरातून जायची. लोक अर्धा अर्धा तास तिथे उभे राहणार, भिंत अगदी नाकासमोर. खोटं असतं तर लगेच कळलं असतं. तेव्हा डागवाल्यांना दादाचं स्वयंपाकघर आठवलं. दादाला जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनी भाजी आणायला गेली असताना त्यांनी भिंतीचे फोटो काढून घेतले. शेगडीमागची काजळी, बटणांभोवतीचे बोटांचे ठसे, आणि बाकाच्या वरचा तो गोल, तेलकट डाग. जेवण झालं की दादा तिथे डोकं टेकून बसायचा. मागच्या वर्षी वहिनीने घराला रंग दिला, तो ही भिंत सोडून. का सोडली, हे डागवाल्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी फोटो काढले.

राइड सुरू झाली आणि वहिनीने हट्टच धरला. "अख्ख्या जगाला दाखवता, भावोजी. मी काय घोडं मारलंय?" टाळाटाळ करायची तरी किती? एका दुपारी ते तिला घेऊन गेले.

रांग सरकत सरकत आत आली. आधी वहिनी मान उंचावून सगळं कौतुकाने बघत होती. मग तिची नजर त्या डागावर थांबली आणि तिने पर्स छातीशी धरली. पुढच्या बाईने नाक मुरडलं. "ई! किती तेलकट! भूत इथे डोकं घासतं वाटतं." तिच्या नवऱ्याने लगेच डागाला डोकं टेकलं, जीभ बाहेर काढली आणि फोटो काढून घेतला.

"कशाने केलात हो?" वहिनीने हळूच विचारलं.

आणि डागवाल्यांची कळी खुलली. "आधी जवसाचं तेल. मग तपकिरी रंगाचा पातळ हात. स्पंजने टिपत जायचं, म्हणजे कडा आपोआप विरते. मधोमध जास्त गडद, कारण डोकं..."

"किती दिवस लागले?"

"दीड."

"ह्यांना बावीस वर्षं लागली."

रांग अजून निम्मी उरली होती. तोंड लपवून पळावं म्हटलं तरी पुढेही माणसं, मागेही माणसं. पुढे गाडीत दोघं शेजारी बसले. भुतं आली, गेली. दोघांपैकी कुणी ओरडलं नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पुसून टाकू का, वहिनी?"

"काढताना विचारलं नाहीत. आता पुसताना कशाला विचारता?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

सोमवारी पार्क बंद असतो. साहेब फेरी मारत आले. "तो डाग जरा ताजा करा. लोकांच्या डोक्यांनी पसरलाय. सगळ्यात जास्त फोटो तिथेच निघतात." डागवाल्यांनी फडकं थिनरमध्ये बुडवलं. दोन हातांत भिंत साफ झाली.

"अहो, हे काय?"

"परत जमायचं नाही, साहेब." एवढ्या वर्षांत एखादं काम आपल्याला येत नाही असं ते पहिल्यांदाच म्हणाले. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि त्या जागी कोळ्याचं जाळं चढवून घेतलं.

वहिनीला हे सांगायला ते दोनदा निघाले. पण ती "बरं केलंत" म्हणेल, आणि तेवढं ऐकायलाच आपण चाललोय, हे मनात आलं की पाय मागे फिरत. शेवटी रविवारी तिचाच फोन आला.

"नेहमीसारखे जेवायला आला नाहीत, भावोजी. बरं आहे ना?"

"काम आहे जरा."

"बरं," ती म्हणाली. फोन मात्र बराच वेळ दोघांपैकी कुणी ठेवला नाही.