चांगुणामावशीची पिशवीवाली अंगणवाडी

चांगुणाबाई माझ्या हाताखाली मदतनीस आहेत, असं कागदावर लिहिलंय. कागदाला काय, तो काहीही सोसतो. तुर्भ्याच्या आमच्या अंगणवाडीत सेविका मी, रजिस्टर माझं, सही माझी, आणि पोरं ऐकतात ते चांगुणामावशीचं. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या, मूळच्या परभणीकडच्या. नवरा इथल्या कारखान्यात हमाल होता. तो गेल्यावर दोन मुली एकटीने शिकवल्या, एक नर्स केली आणि एक बँकेत चिकटवली. उंची साडेचार फूट, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. मागच्या ओट्यावर रोज बावीस पोरांची खिचडी शिजवतात आणि शिजवता शिजवता त्यांच्याशी भांडतात. पोरांना ते भांडण खिचडीपेक्षाही आवडतं.

गेल्या दिवाळीनंतर उन्नती आमच्याकडे आली. पाच वर्षांची. तिची झोपडी तोडक कारवाईत गेली होती. आई पॅकिंगच्या कामावर होती, ही शेजारणीकडे. शेजारणीच्या दारातून पोरीने आपलं घर जेसीबीखाली जाताना पाहिलं. ढिगाऱ्यातून हाताला लागलं ते एक गुलाबी दप्तर, आत एक फ्रॉक आणि कंगवा. ते दप्तर ती पाठीवरून काढेना. चपलाही काढेना. दाराशी बसायची, तीही बाहेर तोंड करून. ताटलीतले दोन घास खाल्ले की उठून उभी राहायची.

आता चपला बाहेर हा माझा नियम. मी डी.एड. आहे, नियमांवर माझा फार जीव. आधी गोड बोलले, मग चॉकलेट दाखवलं आणि चौथ्या दिवशी सरळ दप्तराला हात घातला. ती ओरडली नाही. उभ्या उभ्या तिची चड्डी ओली झाली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, हात काढा," मावशी म्हणाल्या. हॉर्न नव्हता, अगदी हळू आवाज होता.

पोरीला धुऊनपुसून त्यांनी मांडीवर घेतलं, दप्तरासकट. ती झोपल्यावर मला म्हणाल्या, "आमच्या गावच्या शाळेत मास्तर आमच्या वस्तीतल्या पोरांना दाराशीच बसवायचे. कुनाच्या आईबापानं कुरकुर केली की म्हनायचे, उठा. चवथीपर्यंत मी पाटी पिशवीतून बाहेर काढलीच न्हाई बघा. कवा उठवतील, काय नेम? आमचं अक्षर खराब ते त्यामुळं!" आणि त्या स्वतःच खोखो हसल्या. मला हसायला येईना.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या पाठीला लेकीची जुनी ऑफिसची बॅग अडकवून. पायांत चपला तशाच. त्याच अवतारात त्यांनी तांदूळ निवडले, डाळ धुतली आणि पातेलं चढवलं. पोरांना एवढंच पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी झाडून सगळी पोरं काही ना काही लटकवून हजर! कुणाकडे रेशनची पिशवी, कुणाकडे आईची पर्स, एकाकडे नुसतं उशीचं कव्हर.

हे आपोआप झालं असं मला वाटलं. नंतर कळलं, मावशी संध्याकाळी गल्लीत दारोदार फिरल्या होत्या. "लेकराला घर कुठंय, कसं पडलं, कोनी विचारायचं न्हाई. बघताना चुकचुक करायची न्हाई. सकाळी आपल्या पोरासोबत एक पिशवी तेवढी द्या." गल्लीतल्या बायकांनी हे अगदी मनावर घेतलं. एरवी नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या या बायका!

नेमक्या त्याच आठवड्यात सुपरवायझर ज्ञानेश्वरी मॅडम तपासणीला आल्या. पिशव्या लावून, चपला घालून जेवणारी बावीस पोरं बघून त्या दारातच थबकल्या.

"आज सहल आहे का?"

मावशी म्हणाल्या, "व्हय मॅडम. गाडीचीच वाट बघतोय."

आणि दाराशी बसलेली उन्नती फिसकन हसली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा! मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या दप्तराकडे पाहिलं आणि शेऱ्यात ‘स्वच्छता चांगली’ एवढंच लिहिलं. देव त्यांचं भलं करो.

त्यानंतर पोरगी दारापासून हातभर आत सरकली. थोडंथोडं बोलायलाही लागली. पण दप्तर काही उतरेना. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. तिथे कोण तिच्यासाठी पिशव्या अडकवून बसणार? माझ्यासारखीच एखादी बाई दप्तराला हात घालणार, आणि पोरगी पुन्हा दारात. मावशींना त्याचा घोर लागला होता. मार्च आला तशा त्या भांडेनाशाही झाल्या.

अशात एक दिवस पुतळाबाई तणतणत आल्या. अंगणवाडीच्या खोलीच्या मालकीणबाई, इथल्या मूळ गावच्या. शेतं होती तिथे आता त्यांच्या चाळी आहेत. रोज समोर आपल्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लक्ष ठेवायच्या, पण आत कधी आल्या नाहीत की आमच्याकडे घोटभर पाणी घेतलं नाही. मावशी बौद्ध आहेत, एवढंच कारण. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नातू दिपेशला त्या घरून डबा द्यायच्या. दिपेश तो उघडून बंद करायचा आणि मावशीच्या खिचडीवर दोनदा ताव मारायचा.

"माजी म्हावऱ्याची पिशवी कोनी आनली?" पुतळाबाईंनी विचारलं. ती दिपेशच्या गळ्यात होती. मासळीच्या वासावरून आम्हाला केव्हाच कळलं होतं. मग त्यांची नजर खाली गेली. "आनि माज्या खोलीत चपला? ह्यो काय परकार हाय?"

"मीच सांगितलंय," मावशी म्हणाल्या. "आजी, रागवा मागून. आधी या लेकराला सांगा, खोली पाडायला कोनी येनार न्हाई म्हनून. माझं ती ऐकती, पन मी काय मालकीन न्हाई."

पुतळाबाई गुडघ्यावर हात टेकून पोरीसमोर बसल्या. "नाय परनार गो बाय. माजी खोली हाय. मी हाय ना इथं."

उन्नतीने त्यांना नीट न्याहाळलं. मग मावशीकडे वळून म्हणाली, "आजी इथं जेवत नाही. ती जाणार."

मावशींच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. पोरीचं म्हणणं सरळ होतं. जे जेवत नाहीत ते थांबायला आलेले नसतात.

"आजी, खिचडी मस्त असते," दिपेश मध्येच म्हणाला. "मी रोज दोनदा खातो." आणि जीभ चावली.

पुतळाबाईंनी नातवाकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता गेला बिचारा. पण त्या हसायलाच लागल्या. "मेल्या, म्हनून डबा परत येतं व्हय!" मग मावशीपुढे हात केला. "दे गो, मना पन दे."

खाल्ली. सगळी खाल्ली. "तिखट नाय काय," म्हणाल्या.

"पोरांची हाय, आजी."

मी कौतुकाने बघत होते. तेवढ्यात उन्नती माझ्याकडे वळली. "बाई पण नाही जेवत."

आता खरं सांगते. सहा वर्षं मी पुतळाबाईंना मनात नावं ठेवत होते, आणि सहा वर्षं माझा डबा घरून येत होता. खिचडीने पित्त होतं, असं मी मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या लगेच "बरं" म्हणाल्या होत्या. इतक्या लगेच, की हे त्यांनी आधी पुष्कळदा ऐकलेलं असणार.

मी खाली बसले. मावशींनी माझ्या ताटलीत वाढलं, माझ्याकडे न बघता. पहिला घास गिळताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा घेतला. खिचडी खरंच छान होती.

उन्नतीने एक हात पट्ट्यातून काढला. मग दुसरा. दप्तर भिंतीला टेकवून ती माझ्या शेजारी बसली, आत तोंड करून, आणि मावशीपुढे ताटली धरली. मावशींनी डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि माझ्याकडे डाव रोखला.

"बाई, पित्त उठलं तर सांगा हां."

"नाही उठणार, मावशी."

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक डाव वाढला.