पुलाच्या खांबाला गेलेला तडा

१९७४च्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या नदीवर पुलाचं काम चालू होतं. जमिनीत खोलवर पाया घालून वर उचललेले काँक्रीटचे गोल खांब होते, एकेक खोलीएवढा जाड. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून त्यांच्यावर पाणी मारायचं काम रुखमाबाईकडे होतं. प्रताप नगरकडच्या झोपड्यांतून ती उजाडताच निघायची. घागर भरायची, काठ चढायची, खांबावर ओतायची, परत उतरायची. संध्याकाळी हात वर होत नसत.

एका सकाळी नव्या खांबावर उभी भेग दिसली. मुकादम देवाजी थेट तिच्यावर धावून आला.

"काहून वं, पाणी नाही मारलं तू?"

"साच्याच्या फळ्या काढल्या तवापासून मारूनच राहिली ना गा."

"मंग फाटला कसा? अजून मार."

भांडायचं बळ तिच्यात नव्हतं. दिवसभर तिने दुप्पट पाणी वाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच खांबावर आणखी भेगा होत्या.

मग इंजिनियर मनोहरराव आले. दम्याचे रुग्ण, काठ चढूनच धापा टाकत होते. त्यांनी भेगांवरून हात फिरवला.

"फळ्या कधी काढल्या?"

"दुसऱ्याच दिवशी, साहेब. पुढच्या खांबाले पाहिजे होत्या," देवाजी म्हणाला.

मनोहरराव दगडावर बसले. "एवढ्या जाड काँक्रीटात सिमेंट आतून तापतं. ती उष्णता बरेच दिवस निघत नाही. तुम्ही बाहेरून उघडं केलं, रात्रीची थंडी लागली, वर नदीचं गार पाणी. बाहेरचा थर आकसला, आतला गरमच. फाटणार नाही तर काय!"

रुखमाबाई जवळच उभी होती. "मंग माह्या पाण्यानं फाटला काय जी?"

"एकट्या पाण्यानं नाही, बाई. पाणी लागतंच. पण आधी फळ्या राहायला हव्या होत्या. हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही."

तिला रडू आलं नाही. कालच्या सगळ्या घागरी आठवल्या आणि ती तिथेच खाली बसली.

भेगांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरलं. पुढच्या खांबाच्या फळ्या आठवड्याहून जास्त ठेवल्या, वरून भाताचं तणस आणि बारदान गुंडाळलं. पाणी उन्हात ठेवून, कोमट झाल्यावरच शिंपडलं. तो खांब फाटला नाही.

देवाजी नुसतं म्हणाला, "जमलं बा एकदाचं."

रुखमाबाईने मान हलवली, रेतीच्या ढिगाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.