थकेले सरांचा तास

आमचे पीटीचे सर मैदानावर यायचे तेच दमून. इतर शाळांतले पीटीचे मास्तर छाती पुढं काढून, शिट्टी वाजवत येतात असं आम्ही ऐकून होतो. आमचे सर शाळेच्या मागच्या दारातून एक पायरी उतरायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, दुसरी पायरी उतरायचे आणि आमच्याकडं बघून म्हणायचे, "दमलो रे बाबा. चला, कुणाकुणाला दमायचंय?" एवढं म्हणायचा अवकाश, नववी ब मधली सगळी पोरं-पोरी आरडाओरडा करत त्यांच्याभोवती गोळा व्हायची. दमायचं आमंत्रण इतक्या आनंदानं घेतलेलं मी त्यानंतर कुठं पाहिलं नाही.

त्यांचं खरं नाव शाळेच्या कागदांवर कुठंतरी असणार. आमच्या औरंगपुऱ्यात मात्र त्यांना थकेले सर म्हणत. हे नाव आमच्याही आधीच्या कुठल्यातरी बॅचनं ठेवलं होतं आणि ते सरांना ठाऊक होतं. एकदा एका मुलाचे वडील थेट मैदानावर आले आणि त्यांनाच विचारू लागले, "ओ काका, ते थकेले सर कुठं भेटतील?" आम्ही सगळे तोंडात रुमाल कोंबून उभे. सर शांतपणे म्हणाले, "हौ, मैच. बोला." त्या बापाचा चेहरा मला इथं करून दाखवता आला असता तर काय मजा आली असती! पण कागदावर चेहरे करता येत नाहीत.

दमायला त्यांना कारणं भरपूर होती. घर खुलताबादला. भल्या पहाटे उठून शेळ्यांचं बघायचं, अंथरुणाला खिळलेल्या आईला अंघोळ घालायची, तिची कूस बदलायची, मग एसटी पकडायची. एसटीत जागा मिळाली असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. घाट उतरला की दौलताबादच्या रस्त्यावरच्या जुन्या अरुंद दरवाजात हमखास एखादा ट्रक अडकलेला. उशीर झाला की हेडसर विचारायचे, "आज काय?" सर म्हणायचे, "दरवाजा." बस्स, एवढंच. हेडसरही पुढं विचारायचे नाहीत, कारण त्या दरवाजातून आमच्या गावातल्या प्रत्येकाची एसटी कधी ना कधी रखडत गेलेली होती.

खरं म्हणजे सर पीटीचे नव्हतेच. ते भूगोलाचे. निजामीच्या काळात, पोलिस ॲक्शनच्या आधी, ते उर्दूत शिकलेले, आणि नोकरीला लागले तेव्हा शाळेचं माध्यम मराठी होऊन गेलेलं. घरीदारी मराठी बोलायचे, पण पुस्तकातली मराठी वाचताना घाम फुटायचा. "पर्जन्यछायेचा प्रदेश," ते आम्हाला म्हणून दाखवायचे, "हे एवढं म्हणेस्तोवर पाऊस पडून जायचा, बेटा." मग त्या वेळच्या हेडसरांनी त्यांना मैदानावर पाठवलं. तिथंही कवायतीचे नवे हुकूम त्यांना येईनात. उर्दूत सांगावं तर पोरं गोंधळणार, मराठीत सांगावं तर स्वतःच अडखळणार. म्हणून ते नुसते पोरांपुढं उभे राहिले आणि अंगानं करून दाखवू लागले. वाका म्हणायचं तर वाकले. थांबा म्हणायचं तर असे थांबले, की पोरं धावता धावता दगड झाली. "जबान बदलती हुकुमानं," ते म्हणायचे. "अंगाला कोण हुकूम देणार? अंग आपलं तसंच राहतं." पुढं त्यांना मराठी झकास यायला लागली, तरी शिकवणं राहिलं अंगानंच.

त्यामुळं आमचा खेळाचा तास इतर कुठल्याही शाळेसारखा नव्हता. खो-खो होता, लंगडी होती, लगोरी होती. पण त्याआधी काहीतरी व्हायला लागायचं. "आज भाकरी व्हा," सर म्हणायचे. आम्ही जमिनीवर चपट पडायचो. "तवा तापला. आता फुगा. एकदम नाय! भाकरी कडेनं फुगते, पोटातून नाय. तू पुरी झालीस, उठ." मी पुरी झाल्याबद्दल कितीतरी वेळा उठले आहे. कधी ओला टॉवेल व्हायचं, कधी पंक्चर झालेली सायकल, कधी पडेगावच्या रस्त्यानं लग्नाहून परत येणारा बँडवाला. मुलींनी अंग आखडून घेतलं की ते रागवायचे नाहीत. म्हणायचे, "लाज वाटती? मग लाजच करून दाखवा. पण पूर्ण करा." आणि मग लाजता लाजता आमच्या वर्गातली सगळ्यांत गरीब पोरगी अशी काही मुरडली, की मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि तिची लाज तिथंच संपली.

त्यांचा सगळ्यांत आवडता खेळ होता ओझ्याचा. रिकाम्या हातांनी काहीतरी उचलून आणायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. मी एकदा मोठ्या ऐटीत टरबूज आणलं. सर म्हणाले, "हा फुगा आहे, बाई. टरबूज हातात राहत नाय, पोटाशी येतं. कंबर सांग तुझी." मागून एक मुलगा ओरडला, "सर, तिची कंबर कुठंय, मधेच पोट सुरू होतंय!" सर म्हणाले, "तुझं डोकं कुठंय ते आधी सापडू दे." कुणी झोपलेलं पोर उचलून आणलं की सर उठून जवळ जायचे आणि त्या हवेतल्या पोराची मान सावरायचे. "झोपलेलं माणूस लई जड असतं," असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. आजही स्टॅंडवर कुणी पिशवी उचलली, की तिच्यात कांदे आहेत की कापड हे मी लांबून सांगते. घरचे याला चोंबडेपणा म्हणतात.

आमच्या या आनंदावर डोळा होता गणिताच्या बाईंचा. वाईट बाई नव्हत्या त्या. पण पुढं दहावीचं वर्ष, आणि आमच्या वर्गाचं गणित असं, की बाईंना झोप लागत नसे. त्यांनी हेडसरांना सांगितलं, "पोरं भाकऱ्या होऊन लोळतात तो तास मला द्या." हेडसर सरांना बोलावून म्हणाले, "पुढच्या पंधरवड्यात शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. नववी ब ची कवायत त्यांना दाखवा. सगळे एकसारखे, एका पावलावर. जमलं तर तास तुमचा, नाही तर बाईंचा." सर मैदानावर आले आणि आम्हाला म्हणाले, "पोरांनो, आता काही व्हायचं नाय. सगळ्यांनी एकच व्हायचं." आम्हाला वाटलं, किती सोपं!

सोपं कसलं! इतकी वर्षं ज्यांना दर वेळी वेगळं व्हायला शिकवलं, ती पोरं एका पावलावर येतात होय? एकाचा हात वर, एकीचा खाली, एक जण उंटासारखा. शेवटी सरांनी आपला जुना इलाज काढला. "हुकूम विसरा. माझ्याकडं बघा. मी करतो तसं करा." ते पुढं चालायचे, आम्ही रांगेनं मागं. उन्हात दररोज. आम्ही जीव तोडून बघितलं, कारण तास जायचा प्रश्न होता. आणि खरंच, हळूहळू सगळ्यांची पावलं एकत्र पडू लागली. मागून ऐकू येणाऱ्या आवाजानं सर खूश झाले. "जमलं रे! एक आवाज आला," ते पुढं बघूनच म्हणायचे.

साहेब आले त्या दिवशी मात्र हेडसरांनी सरांना रांगेपुढं चालू दिलं नाही. "तुम्ही इकडं व्यासपीठापाशी उभे राहा." म्हणजे आम्हाला समोरून येताना सरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं.

काय दृश्य असेल ते! नववी ब निघाली. सगळे एकसारखे, एका पावलावर. प्रत्येकाचा डावा गुडघा ताठ. प्रत्येक पावलाला डावा खांदा खाली झुकतोय. उजवा हात हलकेच मांडीवर टेकून अंगाला पुढं ढकलतोय. मान खाली. आणि मागं वळताना सगळ्या वर्गानं एका सुरात सोडलेला श्वास, "हुऽऽश!" एकाचीही चूक नाही. अशी कवायत त्या मैदानावर आधी झाली नव्हती आणि नंतरही होणार नाही.

साहेब हसू दाबत हेडसरांना म्हणाले, "पोरांना जेवायला मिळतं ना घरी?" मागचे शिक्षक हसले. हेडसर लालबुंद. आम्हाला तेव्हा कुठं कळलं, की आपण कवायत शिकलो नाही, सर शिकलो.

सर हसले नाहीत. मी पहिल्या रांगेत होते. ते माझ्यापाशी आले आणि हळूच विचारलं, "मी असा चालतो?"

"व्हय सर."

"वळताना आवाज पण?"

"व्हय सर. रोज."

सर म्हणाले, "लई बारीक बघितलंत. शाब्बास." आणि जाता जाता, "पण तास गेला, बेटा."

गेलाच. सोमवारपासून वेळापत्रकात त्या जागी गणित आलं. सरांना निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने कुणी शिक्षक आले नाहीत तर त्यांचे तास सांभाळायला ठेवलं. असा पहिला तास आमच्या वाट्याला आला तेव्हा ते दार लोटून घेऊन म्हणाले, "इथं पळायचं नाय, ओरडायचं नाय. भिंतीपलीकडं बाईंचं गणित चालू आहे. आज फक्त बोटं." आणि आम्ही बाकांवर बोटांचा शहागंजचा बाजार भरवला. बोटं गाडे ढकलत होती, भाव करत होती, भांडत होती, धक्का लागला म्हणून मागं वळून बघत होती. सगळं बिनआवाजी. पुढच्या खेपेला फक्त भुवया. "एका भुवईनं नाय म्हणा. आता त्याच भुवईनं हौ म्हणा, पण मनात नसताना." मैदान गेलं, तर सर आम्हाला कपाळावर खेळवू लागले. पण त्यांचं चालणं आता आणखी जड झालं होतं, आणि वर्गात शिरताना ते स्वतःच्या पायाकडं बघायचे. पूर्वी असं बघत नसत.

निवृत्तीच्या आठवड्यात ते शेवटचे आमच्या वर्गावर आले. डोळे लाल. आई रात्रभर झोपली नव्हती, म्हणजे सरही नव्हते. पुढचा तास गणिताचा. सर म्हणाले, "आज झोपलेलं माणूस करा. खोटा झोपणारा लगेच सापडतो. त्याच्या पापण्या हलतात, श्वास मधेच अडकतो. मी फिरून बघणार." आम्ही बाकांवर डोकी टेकली. सर रांगांमधून फिरले, कुणाच्या खांद्याला बोट लावून म्हणाले, "सैल... अजून सैल." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मी एक डोळा उघडला. सर खुर्चीत झोपले होते. खरे. मान एका खांद्यावर, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर पालथे पडलेले.

घंटा झाली. एकानंही डोकं उचललं नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मग दारात चपला वाजल्या, आणि मी घट्ट डोळे मिटले. गणिताच्या बाई. त्यांच्या हातातला मोठा लाकडी कंपास दाराला लागून टक् असा वाजला. एक पाऊल आत आलं. आता बाई ओरडणार, सर दचकून उठणार, सगळ्यांसमोर माफी मागणार, हे सगळं मला मिटल्या डोळ्यांपुढं दिसत होतं. पापण्या हलू न देणं किती कठीण असतं, ते तेव्हा कळलं.

बाई बराच वेळ उभ्या असाव्यात. मग पाऊल मागं गेलं आणि दार, बिजागरी कुरकुरू नये म्हणून अगदी हळूहळू, ओढून घेतलं गेलं.

मी पुन्हा एक डोळा किलकिला केला, तर खिडकीतून व्हरांडा दिसत होता. बाई तिथंच उभ्या राहिल्या, एका हातात कंपास, दुसऱ्या हातात खडूचा डबा. आठवीचा वर्ग गलका करत मैदानाकडं निघाला, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना पलीकडच्या जिन्यानं पाठवलं. शिपाई नोटीस घेऊन आला, त्यालाही हातानंच परत फिरवलं. ऊन सरकत त्यांच्या तोंडावर आलं, तरी त्या दारासमोरून हलल्या नाहीत. आत नववी ब अख्खा तास श्वाससुद्धा जपून घेत होती.